‘निरंक’ हीसुद्धा नोंद असते : राज्यातील ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद भगिनी-बंधूंना,

स. न. वि. वि.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून २०१४ मध्ये निवृत्त झालो. नाशिकला राहतो आणि आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाचा सभासद आहे. संघात काय चालते ते मी आतून पाहिलेले आहे. सभासदांचे वाढदिवस, कोजागरी, आरोग्य शिबिर, वर्षातून एक सहल, महिन्याचे व्याख्यान आणि सकाळी बागेतला हास्यक्लब, या सगळ्याने माझ्यासारख्या अनेकांना सावरले आहे आणि त्यातले काही कमी करावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण आपल्या बहुतेक वास्तूंवर ‘विरंगुळा केंद्र’ अशी पाटी असते आणि ती पाटी पाहिली की माझे मन अडखळते. विरंगुळा हवासा वाटतो तो कामातून उसंत मिळते तेव्हा. ज्याच्या दिवसात कामच उरलेले नाही, त्याला चोवीस तास विरंगुळा पुरवून आपण त्याची कोणती गरज भागवतो, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे आणि त्याचबरोबर एक काम सुचवायचे आहे. आपल्या गावातले किंवा वस्तीजवळचे एखादे तळे, ओढा, देवराई, माळ किंवा जुन्या झाडांचे आवार निवडावे, तिथल्या पशुपक्ष्यांची आणि झाडझाडोऱ्याची नियमित लेखी नोंद ठेवावी, आणि ती नोंद जिथे पोहोचायला हवी तिथे पोहोचवावी, असे ते काम आहे.

हे काम मला सुचले त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. माझे एक सहकारी होते. कालव्यावरची प्रत्येक चारी, तिचा क्रमांक, तिच्याखालचे क्षेत्र, कोणत्या वळणावर गळती आहे आणि कोणत्या गावात पाण्याच्या पाळीवरून भांडणे होतात, हे सगळे त्यांना तोंडपाठ असे. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, सुरू असताना रात्री दोन वाजता पाटकऱ्याचा फोन आला तरी ते अंथरुणातूनच चारीचा हिशेब सांगत. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांत ते घराची वाट विसरू लागले. सुरुवातीला घरच्यांनी आणि आम्ही मित्रांनीही ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सोडून दिले. निदान होईपर्यंत बराच काळ हातातून गेला. त्यांना एखादा छंद असता तर हा आजार झालाच नसता, असे मी म्हणणार नाही. स्मृतिभ्रंश इतका सरळ नाही, आणि आजारी माणसाच्या माथी त्याच्याच आजाराचा दोष मारणे हा अन्याय आहे. परंतु विसरभोळेपणा वाढतो आहे असे दिसताच डॉक्टरांकडे जायला हवे, एवढे तरी आम्हाला कळायला हवे होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभर माणसांमागे सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसे झाली. आपल्या शंभर सभासदांच्या संघात असे सात जण असू शकतात आणि त्यांतले बहुतेक आपल्या सभेला यायचे केव्हाच बंद झालेले असतात.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा या विषयावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि माणसाला हात घालता येण्याजोग्या चौदा गोष्टी त्यात मांडल्या आहेत, आणि त्या सगळ्यांना आयुष्यभर आवर घालता आला तर जवळजवळ निम्मे रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू यांची आपल्याला माहिती असते. त्यांच्याच जोडीला शरीराची हालचाल नसणे, माणसांपासून तुटणे, नैराश्य, ऐकू कमी येणे आणि दृष्टी अधू होऊनही उपचार न करणे याही गोष्टी त्या यादीत आहेत. ही नावे वाचताना मला माझीच निवृत्तीनंतरची पहिली तीन वर्षे आठवली. सकाळचा पेपर, दुपारची झोप, संध्याकाळच्या मालिका, गुडघे दुखतात म्हणून टाळलेला जिना, आणि समारंभात नीट ऐकू येत नाही म्हणून टाळलेले समारंभ. ऐकू येत नाही हे मात्र मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हतो.

ते मला पक्ष्यांनी कबूल करायला लावले. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. शंभर वर्षांहून जुन्या या बंधाऱ्यात नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि दलदल तयार झाली आणि त्या दलदलीवर पक्ष्यांचे एक मोठे जग उभे राहिले. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. इथूनच गोदावरीचे उजवा आणि डावा असे दोन्ही तट कालवे निघतात, त्यामुळे नोकरीत असताना मी त्या जागी असंख्य वेळा गेलो होतो. पातळी पाहायची, दरवाजे पाहायचे, नोंदवहीत आकडा लिहायचा आणि जीपमध्ये बसायचे, एवढाच माझा त्या जागेशी संबंध होता. समोर हजारो बदके बसलेली असत, पण माझ्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. निवृत्तीनंतर चौथ्या हिवाळ्यात भाच्याच्या आग्रहाखातर चापडगावच्या मनोऱ्यावर गेलो, तेव्हा शेजारी उभी असलेली कॉलेजमधली मुले गवतातल्या एका इवल्याशा पक्ष्याच्या आवाजाबद्दल बोलत होती. मी कान देऊन ऐकले, मला काहीच ऐकू आले नाही. मुले मला पुन्हा पुन्हा दाखवत होती, ‘काका, आता बघा, आता परत ओरडला,’ आणि माझ्यापुरता तो माळ शांत होता.

वयोमानाने ऐकणे कमी होते तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. माणसांचे बोलणे कळत राहते, निदान कळते असे वाटत राहते, म्हणून ही उणीव वर्षानुवर्षे झाकली जाते. त्या दिवसानंतर मी तपासणी करून घेतली. दोन्ही कानांना यंत्रे बसली आणि पुढच्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही झाली. पहिल्यांदा यंत्रे लावून गच्चीवर गेलो, तेव्हा समोरच्या जास्वंदीवर शिंजीर बोलत होता. तो त्या झाडावर रोज येत असणार. मी इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि गच्चीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. श्रवणयंत्र ही लाजेची वस्तू आहे असे मानणारे सभासद आपल्या प्रत्येक संघात आहेत. त्यांना आरोग्य शिबिराच्या पत्रकाने जे पटत नाही, ते तांबटाच्या ‘टुक्‌ टुक्‌’ने आणि शिंजिराच्या चिवचिवाटाने पटेल, असा माझा अनुभव आहे. म्हणून या कामाची सुरुवात प्रत्येक संघाने सभासदांच्या कानांच्या आणि डोळ्यांच्या तपासणीने करावी, अशी माझी पहिली विनंती आहे.

पक्षी पाहून मन ताजे होते, हे अनुभवाने अनेकांना माहीत असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे तेराशे लोकांच्या मोबाइलवरील नोंदींवरून हे तपासले. पक्षी दिसल्यावर किंवा त्यांचा आवाज ऐकल्यावर लोकांच्या मनाची स्थिती सुधारलेली आढळली, ती सुधारणा काही तास टिकलेली दिसली, आणि नैराश्याचे निदान झालेल्या लोकांच्या बाबतीतही हेच दिसून आले. अर्थात नैराश्यावर पक्षिनिरीक्षण हा उपचार नव्हे. ज्या सभासदाची झोप, भूक आणि बोलणे आटले आहे, त्याला तळ्यावर नेण्याआधी डॉक्टरांकडे न्यायला हवे. सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. तो क्रमांक प्रत्येक संघाच्या फळ्यावर कायमचा लिहिलेला असावा.

पण नुसते पाहणे आणि नोंद ठेवणे यांत फरक आहे, आणि मला आपल्याशी बोलायचे आहे ते नोंदीविषयी. मी जुन्या सवयीने वही केली. तारीख, वेळ, आभाळ, वारा, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव, संख्या असे रकाने पाडले. पहिल्या महिन्यात मला नीट ओळखता येणारे पक्षी पंधराही नव्हते. बगळा म्हटले की संपले, अशी माझी समजूत होती. मोठा बगळा, मध्यम बगळा, लहान बगळा, गायबगळा आणि वंचक यांच्यातला फरक चोचीचा रंग, पायांचा रंग, मानेचा बाक पाहून ठरवायचा, तो लक्षात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी विसरायचा, पुन्हा पुस्तकात पाहायचा, हे करता करता मेंदूला जो घाम फुटतो तसा मला नोकरीची शेवटची दहा वर्षे फुटला नव्हता. वारकरी हा पक्षी आषाढीला न जाताही वारकरी का म्हणवला जातो, यावर आमच्या गटात एक सबंध सकाळ चर्चा रंगली होती, आणि काळ्या अंगावरचा तो पांढरा टिळा दुर्बिणीतून सगळ्यांनी पाहिल्यावरच ती मिटली. सत्तरी ओलांडलेली माणसे नवीन शिकू शकत नाहीत, हे मी ऐकून घेत नाही.

यासाठी आपल्याला लांबची उदाहरणे शोधायला नकोत. डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. भारतीय उपखंडातील पक्ष्यांविषयीचा दहा खंडांचा प्रचंड ग्रंथ त्यांनी डिलन रिप्ले यांच्यासह लिहिला, तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिला खंड आला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मारुती चितमपल्ली वन खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, झाडांच्या मराठी नावांचे कोश रचण्याचे काम हाती घेतले. गोंड, माडिया आणि इतर वनवासी लोकांच्या तोंडची नावे आणि संस्कृत ग्रंथांतली नावे त्यांनी एकत्र आणली नसती, तर आपल्यापैकी कित्येकांना आपल्याच अंगणातल्या पाखराला मराठीत हाक मारता आली नसती. २०२५ च्या जूनमध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते सोलापुरात गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, आणि या दोन दिवसांमधला आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून मुक्रर केला आहे. दोन वृद्ध माणसांच्या आयुष्यभराच्या कामावरून या आठवड्याच्या कडा ठरल्या आहेत. तो शाळांनी साजरा करावा हे योग्यच, पण आपल्या संघांचा त्याच्यावर तितकाच हक्क आहे.

आता माझ्या वहीत काय सापडले ते सांगतो. सहा हिवाळ्यांच्या नोंदी झाल्यावर मी पाण्याच्या पातळीचा रकाना आणि पक्ष्यांचा रकाना शेजारी शेजारी ठेवले. आवर्तनासाठी पाणी चढवले की कडेचा चिखल बुडतो, आणि त्या चिखलात चोच खुपसून पोट भरणारे तुतवार, शेकाटे त्या दिवशी वहीतून गायब होतात. पाणी हातभर उतरले की ते परत येतात. थापट्या आणि तलवार बदक यांना उथळ पाणी लागते, पाणकावळ्यांना खोल. म्हणजे शेतकऱ्याच्या पाळीचे वेळापत्रक हेच त्या पाखरांच्या जेवणाचे वेळापत्रक आहे. नोकरीत असताना दरवाजे किती उचलायचे याचा निर्णय मी अनेकदा राबवला होता, आणि त्या निर्णयाचे दुसरे टोक चिखलात उभे आहे हे मला ठाऊक नव्हते. शेतकऱ्याचे पाणी तोडा, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे. पण पाणी किती वेगाने चढवायचे, कोणत्या आठवड्यात चढवायचे, यात काही वेळा दोन-चार दिवसांची सवलत असते, आणि ती कुठे असते हे माझ्यासारख्या निवृत्त माणसाला जितके कळते तितके नव्याने बदली होऊन आलेल्या वनरक्षकाला कसे कळावे? आपल्या प्रत्येक संघात असे ज्ञान साठून पडले आहे. निवृत्त तलाठ्याला गावाच्या गायरानाची हद्द माहीत आहे, निवृत्त पशुवैद्यकाला जनावरांना काय टोचले जाते ते माहीत आहे, निवृत्त लाइनमनला विजेच्या तारांना चिकटून कोणते पक्षी मरतात ते माहीत आहे, निवृत्त शिक्षिकेला पोरांना वळण लावून कामाला लावता येते. वन्यजीवांच्या रक्षणाला यातले सगळे लागते.

पशुवैद्यकाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. आपल्या पिढीने गिधाडे पाहिली आहेत. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आभाळ भरून जायचे, हे मी लहानपणी पाहिले आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिले असेल. नव्वदच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारात एखाद-दुसरे उरली होती. मला आजही एक गोष्ट टोचते. आमच्या गावात गिधाडे नेमकी कोणत्या वर्षी यायची थांबली, हे कुणालाच सांगता येत नाही. ‘पूर्वी असायची’ एवढेच सगळे म्हणतात. त्या वर्षांत कुणा एकाने वहीत दर महिन्याला गिधाडांपुढे आकडा लिहिला असता, आणि आकडा शून्य झाल्यावर ‘निरंक’ लिहिले असते, आणि अशा शे-दोनशे गावांच्या वह्या एकत्र झाल्या असत्या, तर धोक्याची घंटा काही वर्षे आधी वाजली असती.

‘निरंक’ हा शब्द सरकारी नोकरी केलेल्यांना समजावून सांगावा लागत नाही. पाऊस झाला नाही तरी पर्जन्यमापकाची नोंद कोरी ठेवायची नसते, ‘निरंक’ लिहायचे असते, कारण कोरी जागा म्हणजे कुणी पाहिलेच नाही आणि निरंक म्हणजे पाहिले आणि नव्हते. हौशी पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींत हीच उणीव राहते. ते सुट्टीच्या दिवशी येतात, दुर्मीळ पक्षी दिसला की त्याचा फोटो काढतात आणि जातात. त्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. पण मंगळवारी सकाळी, काही विशेष नसताना, त्याच जागी, त्याच वेळी, साळुंक्या मोजणारा आणि चिमणीपुढे निरंक लिहिणारा माणूस निसर्गाला हवा आहे, आणि ती शिस्त, तो वेळ आणि तो संयम या राज्यात सर्वांत जास्त आपल्याकडे आहे.

या नोंदींना कायद्यात जागा आहे, हे अनेकांना माहीत नसते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आणि महानगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि स्थानिक लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे तितक्या वह्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि तिच्या धाकाने अनेक ठिकाणी ही वही घाईघाईत पुरी झाली. मी एका गावची नोंदवही पाहायला मागितली होती. तिच्यात त्या कोरडवाहू गावात कधीही न उगवणारी कोकणातली झाडे लिहिलेली होती आणि गावाच्या वेशीवरचा, सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असलेला जुना पिंपरणीचा वृक्ष नव्हता. दोष कुणाचा हे शोधण्यात मला रस नाही. ती वही दुरुस्त करता येते, दरवर्षी वाढवता येते, आणि ती वाढवायला गावातल्या सर्वांत वयस्कर माणसांपेक्षा योग्य कोण आहे? प्रत्येक संघाने आपल्या स्थानिक संस्थेकडे लेखी अर्ज करून ही नोंदवही पाहावी, समितीत कोण आहेत ते विचारावे आणि संघाच्या दोन सभासदांना समितीच्या कामात घ्यावे अशी मागणी करावी. त्यांतली एक तरी महिला असावी.

महिलांचा मुद्दा मला थोडा थांबून मांडायचा आहे. आपण निवृत्तीबद्दल बोलतो तेव्हा पुरुषांच्या निवृत्तीबद्दल बोलत असतो. आमच्या संघातल्या भगिनींना मी या कामाबद्दल सांगितले तेव्हा एकीने शांतपणे विचारले, ‘सकाळी सहा ते आठ तळ्यावर जायचे, मग घरातला चहा, डबे आणि नातवाची शाळा कोण बघणार?’ मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर आम्ही वेळ बदलली आणि ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी गच्चीची, गॅलरीची आणि परसाची नोंद सुरू केली. रोज पंधरा मिनिटे, दाराशी दिसेल ते. त्या नोंदींनी आम्हाला जे दिले ते तळ्यावरच्या नोंदींनी दिले नव्हते. बुलबुलाने घरटे कधी बांधले, अंडी कधी घातली, मांजराने पिल्लू कधी नेले, याच्या तारखा त्यांच्याकडे आहेत. शिवाय पहिल्या पावसानंतर कुरडू, टाकळा, कर्टुली, चिवळ, पाथरी कुठल्या बांधावर उगवते आणि कुठल्या बांधावर तणनाशकामुळे उगवायची थांबली, हे त्यांनी सांगितले. नोंदवहीतला वनस्पतींचा भाग त्यांच्याशिवाय लिहिला जाऊ नये.

काही गोष्टी आपणच थांबवायला हव्यात, आणि त्या आपल्याच वयाच्या माणसांकडून अधिक होतात म्हणून स्पष्ट लिहितो. पारव्यांना पोत्याने धान्य टाकणे ही भूतदया आहे असे आपल्याला मनापासून वाटते. पण आयत्या अन्नावर पारव्यांची संख्या बेसुमार वाढते, त्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते, आणि हा आजार बळावला तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. वयस्कर माणसाला तो अधिक जड जातो. घाटातल्या माकडांना केळी आणि बिस्किटे देण्याने माकडे रस्त्यावर येतात आणि गाडीखाली मरतात. पक्ष्यांसाठी काही करायचेच असेल तर उन्हाळ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे, आणि परसात देशी झाड लावावे. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नयेत. जमिनीवर पडलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. त्याचे आईबाप बहुधा जवळच असतात, म्हणून आधी दूर उभे राहून पाहावे. जखमी प्राणी, साप किंवा बिबट्या दिसला तर स्वतः काही करू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बिबट्याच्या गावांत तर आपले सर्वांत मोठे काम गर्दी आवरणे हे आहे. वडीलधाऱ्या माणसाने ‘मागे व्हा, मोबाइल खिशात ठेवा’ म्हटले की पोरे अजूनही ऐकतात, हे मी पाहिले आहे.

आणि संक्रांत. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि येवल्यापासून नाशिकपर्यंत झाडाझाडांवर लटकतो. संक्रांत संपली तरी तो संपत नाही. कुजत नाही, म्हणून पुढचे कित्येक महिने त्यात घारी, घुबडे, बगळे, वटवाघळे अडकत राहतात. आमच्या संघाने मागच्या दोन जानेवारी महिन्यांत गच्च्या आणि कुंपणे फिरून मांजा गोळा केला. झाडावर चढण्याचे काम तरुण मुलांचे, खाली उभे राहून तो कुठे आहे हे दाखवण्याचे आणि गुंडाळण्याचे काम आमचे. किती किलो निघाला त्याचीही नोंद आहे.

प्रवासाचा खर्च ही अडचण मी समजू शकतो, पण पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटी मोफत आहे, त्याखालच्या पासष्टीपुढील सर्वांना आणि सगळ्या महिलांना निम्मे तिकीट आहे. दुर्बीण एका संघात दोन पुरतात. वहीला पन्नास रुपये पडतात. ज्यांना मोबाइल वापरता येतो त्यांनी आपली यादी ‘ई-बर्ड’ या जागतिक संकेतस्थळावर भरावी, तिथे ती शास्त्रज्ञांना वापरता येते. ज्यांना येत नाही त्यांनी महिन्यातून एकदा एखाद्या कॉलेजच्या मुलाला बसवून भरून घ्यावी. आमच्याकडे येणारा मुलगा वही वाचतो, मी पक्ष्याचे नाव सांगतो, तो इंग्रजी नाव शोधतो, आणि कधी कधी मी चुकलो आहे हे तो मला दाखवून देतो. त्या दिवशी आम्ही दोघे मिळून पुन्हा तळ्यावर जातो.

येत्या ५ नोव्हेंबरला आपल्या संघाची पहिली नोंद व्हावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. फेस्कॉमने, म्हणजे आपल्या राज्य महासंघाने, सर्व सदस्य संघांना एकसारखा नमुना पाठवला तर जिल्ह्या-जिल्ह्यांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहता येतील. माझ्या वहीचा नमुना मी कुणालाही देईन. त्यात डावीकडून पहिला रकाना तारखेचा आहे, मग वेळ, आभाळ, वारा, पाणी, नाव, संख्या, आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना आहे, ज्यात मागच्या वर्षी याच आठवड्यात दिसलेले आणि आज न दिसलेले पक्षी लिहायचे. आज सकाळी त्या रकान्यात मी चक्रवाकापुढे निरंक लिहिले. गेल्या वर्षी याच तारखेला अकरा होते. उद्या पुन्हा जाणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता, नाशिक